ठिपक्यांची रेषा : रोटरी टॅटू मशीनचा मागोवा

टॅटूच्या दुकानात काम शिकायला आलेल्या मुलाला मागच्या पिढीपर्यंत पहिल्या काही दिवसांतच एक सूत्र ऐकवलं जायचं : लाइनला कॉइल, शेडिंगला रोटरी. कॉइल म्हणजे विद्युतचुंबकांवर खडखडणारं मशीन आणि रोटरी म्हणजे बारक्या मोटरवर गुणगुणणारं. आज बहुतेक दुकानांत लाइन, शेडिंग, रंग सगळं रोटरीवरच चालतं. तरीही खास लाइनसाठी मशीन घ्यायची वेळ आली की ते जुनं सूत्र डोकं वर काढतं आणि घेणारा गोंधळतो. स्ट्रोक किती असावा, मोटर कुठली, 'गिव्ह' हवा की नको, असे प्रश्न एकदम समोर येतात. माझ्या मते या प्रश्नांची उत्तरं कॅटलॉगात शोधण्याआधी मशीनच्या घराण्यात शोधावीत. रोटरी जन्मली तीच रेषा काढण्यासाठी, आणि ती जन्मली तेव्हा कातडीचा विचार कुणाच्या मनातही नव्हता.

१८७५ साली न्यूअर्कमधल्या कार्यशाळेत टॉमस एडिसन आणि त्याचा सहकारी चार्ल्स बॅचलर तारायंत्रांवर काम करत होते. त्या खटपटीतून एक वेगळंच उपकरण निघालं, विजेची लेखणी. ऑगस्ट १८७६मध्ये तिचं पेटंट मिळालं. लेखणीच्या वरच्या टोकाला छोटी विद्युत मोटर, मोटरच्या दांड्यावर फ्लायव्हील आणि कॅम, आणि त्या कॅमच्या फिरण्यानं नळीतून खाली-वर होणारी पोलादी सुई. कारकुनानं ती नेहमीच्या टाकासारखी बोटांत धरायची आणि कागदावर लिहायचं. शाई नव्हतीच. सुई सेकंदाला पन्नासेक वेळा कागदाला भोकं पाडत जायची. असा भोकांचा कागद चौकटीत बसवून वरून शाईचा रूळ फिरवला की खालच्या कोऱ्या कागदावर मजकूर उमटे. कागद बदलत राहायचं, रूळ फिरवत राहायचं. विद्युत मोटरवर चालणारं आणि अमेरिकेत बाजारात विकलं गेलेलं पहिलं उपकरण हेच, असं मानलं जातं.

त्या लेखणीतून छापलेलं पत्र भिंगाखाली धरलं तर त्यात सलग रेषा नसते, एकापुढे एक ठिपके असतात. लिहिणाऱ्यानं हात भरभर फिरवला की ठिपके विरळ पडत आणि अक्षर तुटक दिसे. हात रेंगाळला की भोकं एकमेकांना भिडून कागदच फाटे. सुईचा वेग मोटर ठरवते, पुढे सरकण्याचा वेग हात ठरवतो, आणि या दोघांचं जुळलं तरच ठिपक्यांची रेषा होते. टॅटूच्या लाइनचं सगळं शास्त्र त्या एका पत्रात आहे.

कार्यालयांत ही लेखणी फार काळ टिकली नाही. आम्लाच्या बॅटऱ्या सांभाळणं कारकुनांना जमेना, पुढे टाइपरायटरही आला. १८८७मध्ये शिकागोच्या ए. बी. डिक यांनी एडिसनच्या स्टेन्सिलच्या पेटंटांचा आधार घेऊन मिमिओग्राफ बाजारात आणला. त्याच्याच भाऊबंदांतलं सायक्लोस्टाइल आपल्याकडे शाळांच्या प्रश्नपत्रिकांपासून संघटनांच्या पत्रकांपर्यंत सगळीकडे पोचलं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५४ साली मुंबईत सुरू केलेलं 'शब्द' हे अनियतकालिकही सायक्लोस्टाइलवरच निघायचं. एडिसनच्या लेखणीची एक शाखा अशी मराठी नवकवितेपर्यंत आली आणि दुसरी न्यूयॉर्कच्या खलाशांच्या दंडांवर उतरली. दोन्ही शाखांच्या मुळाशी तोच टोचून केलेला ठिपका आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खलाशांच्या दंडांवर ती उतरवली सॅम्युअल ओ'रायलीनं. न्यूयॉर्कच्या बावरी भागात, चॅटम स्क्वेअरला त्याचं दुकान होतं. तिथले टॅटूवाले तोवर काडीला बांधलेल्या सुया हातानं टोचत. ओ'रायलीच्या हातात आधी आली ती दंतवैद्याची हातोडी. फिलाडेल्फियाचे दंतवैद्य विल्यम बॉनविल यांनी १८७०च्या दशकात दातात सोन्याचा वर्ख ठोकून बसवण्यासाठी विद्युतचुंबकावर चालणारं एक हत्यार बनवलं होतं. त्यात फेरफार करून ओ'रायली टॅटू काढायचा. पेटंट मात्र त्यानं घेतलं ते एडिसनच्या लेखणीच्या धर्तीवरच्या, मोटरवर चालणाऱ्या यंत्राचं. तारीख ८ डिसेंबर १८९१. नळीची रचना बदलली, शाई साठवण्याची सोय केली, आणि कारकुनाच्या लेखणीचं टॅटू मशीन झालं. म्हणजे टॅटूचं पहिलं पेटंट मिळालेलं मशीन रोटरी होतं. चुंबकाची हातोडी आणि मोटरची लेखणी अशी दोन्ही घराणी एकाच माणसाच्या दुकानात एकाच वेळी नांदत होती.

एडिसनबद्दलची एक नोंद इथे सांगायलाच हवी. १९११च्या त्याच्या विम्याच्या कागदपत्रांत त्याच्या डाव्या हातावर गोंदलेले पाच ठिपके नोंदवलेले आहेत, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या हातांवरही असे पाच ठिपके दिसतात. आपलं गोंदण मुळात ठिपक्यांवरच उभं आहे. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या दोन-तीन सुया, काजळ, आणि हनुवटीवरचा ठिपका, हातावरची तुळस किंवा विंचू. गोंदणारी बाई ठिपक्याला ठिपका लावत जाते आणि नमुना त्या ठिपक्यांतच पुरा होतो. एकसारख्या जाडीची लांबलचक रेघ त्या कलेनं कधी मागितलीच नाही. ती मागितली न्यूयॉर्क-लंडनच्या खलाशी टॅटूनं : काळी ठसठशीत बाह्यरेषा, आत काळी छाया, थोडा लाल-हिरवा रंग. रेषा आधी यंत्राकडे जाते, हे जपानमध्येही दिसलं. योकोहामाचे होरियोशी तृतीय हे हातानं टोचण्याच्या परंपरेतले थोर कारागीर. त्यांनीही बाह्यरेषेसाठी मशीन हातात घेतलं आणि छाया मात्र हातानंच भरत राहिले. छायेतला हाताचा चढउतार डोळ्यांना सुखावतो. रेषेतला तोच चढउतार चूक म्हणून दिसतो.

मग ओ'रायलीची रोटरी मागे का पडली?

याचं उत्तर दारावरच्या घंटीत आहे. विद्युत प्रवाहानं स्वतःलाच तोडायचं आणि स्वतःलाच जोडायचं, ही युक्ती युरोपात १८३०च्या दशकापासून माहीत होती. विजेची घंटी त्याच तत्त्वावर वाजते. एडिसननंही १८७७मध्ये मोटरऐवजी विद्युतचुंबकावर थरथरणाऱ्या स्टेन्सिल-लेखणीचं पेटंट घेतलं होतं. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर काम करणाऱ्या सदरलँड मॅक्डोनाल्डनं १८९४मध्ये टॅटू यंत्राचं ब्रिटिश पेटंट घेतलं. पाठोपाठ आल्फ्रेड साउथचं दोन कॉइलींचं यंत्र आलं. ते इतकं जड होतं की वजन पेलायला ते छताला स्प्रिंगनं टांगून वापरत. न्यूयॉर्कमध्ये ओ'रायलीच्याच हाताखाली तयार झालेल्या चार्ली वॅग्नरनं १९०४मध्ये कॉइल मशीनचं पेटंट घेतलं, आणि डेट्रॉइटच्या पर्सी वॉटर्सच्या १९२९च्या पेटंटात त्या यंत्राला जो आकार मिळाला, तो पुढची पाऊणशे वर्षं फारसा बदलला नाही.

कॉइल मशीन जवळून पाहण्यासारखं असतं. लोखंडी सांगाड्यात उभ्या दोन कॉइली, त्यांच्या डोक्यावर स्प्रिंगच्या आधारानं तरंगणारी लोखंडी पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला लटकलेली सुईची दांडी. पट्टीवरची पुढची स्प्रिंग एका स्क्रूला अलगद टेकलेली असते आणि वीज तिथूनच वाहते. वीज आली की कॉइली चुंबक होतात आणि पट्टीला खाली खेचतात, सुई कातडीत उतरते. पट्टी खाली आली की स्प्रिंग स्क्रूपासून सुटते, प्रवाह तुटतो, चुंबकाचा जोर जातो, मागची स्प्रिंग पट्टीला वर उचलते, आणि पुढची स्प्रिंग पुन्हा स्क्रूला टेकते. सेकंदाला शंभराच्या वर वेळा हे घडतं. खडखडाट त्यातूनच येतो, आणि मुरलेला कारागीर तो आवाज ऐकूनच स्क्रू किती फिरवायचा ते ठरवतो.

लाइनच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पट्टी चुंबकाच्या जितकी जवळ येते तितकी ओढ वाढत जाते. म्हणजे सुईचा फटका खाली जाताना जोर धरतो. कातडीत शिरताना सुई कचरत नाही, काम करते आणि झटकन बाहेर येते. त्या काळच्या मोटरा याच्यापुढे फिक्या होत्या. त्या जड होत्या, त्यांना जोर कमी होता, आणि सुयांचा गुच्छ जरा मोठा झाला की कातडीच्या विरोधानं त्यांची गती मंदावे. गती मंदावली की ठिपके विरळ पडणार, हे एडिसनच्या कागदावर आधीच दिसलं होतं. शिवाय कॉइल मशीन कुणालाही घरी दुरुस्त करता येई. स्प्रिंग कापा, कॉइल गुंडाळा, स्क्रू घासा. तेव्हा 'लाइनला कॉइल' या सूत्रात चूक काही नव्हती. ज्या मोटरांच्या काळात ते बनलं, त्या मोटरांपुरतं ते खरंच होतं.

रोटरी या काळात संपली नव्हती, दुकानांबाहेर गेली होती. तिचं सर्वांत विलक्षण आयुष्य अमेरिकेच्या तुरुंगांत गेलं. कैद्यांकडे कॉइली गुंडाळायला तांब्याची तार नव्हती, पण कॅसेट प्लेअर होते. त्यातली मोटर काढायची, बॉलपेनची नळी घ्यायची, चमचा किंवा टूथब्रश वाकवून सांगाडा करायचा, आणि सुई म्हणून गिटारची तार घासून टोकदार करायची. तार मोटरच्या चकतीवर मध्यापासून जरा बाजूला अडकवली की मोटर फिरताना ती नळीतून खाली-वर होते. ओ'रायलीला हे यंत्र दाखवलं असतं तर त्यानं लगेच ओळखलं असतं.

या यंत्रात एकच सुई असायची, त्यामुळे रेषाही केसाएवढी बारीक यायची. रंग मिळत नसल्यामुळे काळी शाई पाण्यात कमीजास्त पातळ करून करड्या छटा काढायच्या. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन कैद्यांनी या दोन टंचायांतून एक पूर्ण शैली घडवली. १९७५मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड' हे दुकान उघडलं. तिथे चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी ही एका सुईची शैली दुकानातल्या मशीनवर बसवली. १९७७मध्ये ते दुकान टॅटूकार एड हार्डी यांनी घेतलं आणि तुरुंगात हात घडलेले फ्रेडी निग्रेटी तिथे काम करू लागले. आज मनगटावर बारीक फुलं आणि चेहरे गोंदवून घेणाऱ्या मुलामुलींना ज्या 'फाइन लाइन'ची ओढ आहे, तिचं मूळ या गल्लीत आहे. रोटरीवर लाइन जमत नाही असं दुकानांत सांगितलं जात होतं, त्याच काळात जगातली सर्वांत नाजूक लाइन कॅसेटच्या मोटरवर ओढली जात होती. एक सुई असली की कातडीचा विरोध थोडा, आणि थोड्या विरोधाला तेवढीशी मोटरही पुरते. जाड लाइनला मात्र ती पुरली नसती.

आपल्या जत्रांतही बॅटरीवर चालणारी गोंदण्याची मशीनं घेऊन माणसं बसू लागली. हातावर स्वतःचं किंवा देवाचं नाव काही मिनिटांत, उभ्या उभ्या. एकच सुई माणसामागून माणसाला लावल्यानं कावीळ ब आणि क यांच्या संसर्गाचा धोका तिथे कायम राहिला. जत्रेत हौसेनं गोंदवणाऱ्याला हा धोका कुणी समजावून सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुईच्या स्वच्छतेचा हा प्रश्न रोटरीच्या पुढच्या वळणाशी थेट जोडलेला आहे. त्याकडे येतोच.

रोटरीला दुकानात परत आणलं ते टॅटूशी काही संबंध नसलेल्या माणसांनी. कॅमेऱ्यांवर काम केलेल्या जर्मन अभियंत्यानं, फ्रिट्झ फाउलहाबर यांनी, १९५८मध्ये मोटरच्या गाभ्यातलं लोखंडच काढून टाकलं. तांब्याची तार तिरकी गुंडाळून तिचाच स्वतःच्या पायावर उभा राहणारा पोकळ पेला केला. फिरणारा भाग हलका झाला, त्यामुळे मोटर लगेच गती घेते, लगेच आवरते, आणि फिरताना अडखळत नाही. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या सुमितोमोत आणि अमेरिकेतल्या जनरल मोटर्समध्ये निओडिमियमचे चुंबक स्वतंत्रपणे तयार झाले, आणि अंगठ्याएवढ्या मोटरीत पूर्वी मुठीएवढीला न पेलणारा जोर आला. या मोटरा वैद्यकीय उपकरणांसाठी, दंतवैद्यांच्या ड्रिलसाठी, यंत्रमानवांसाठी बनत होत्या. टॅटू मशीन बनवणाऱ्यांनी त्या एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर उचलल्या. ओ'रायलीनं दंतवैद्याचं हत्यार उचललं होतं. शतकाहून जास्त काळानं त्याच्या वारसांनीही जवळपास तेच केलं.

त्याच सुमारास बर्लिनच्या 'शायेन' या ब्रँडनं कार्ट्रिज रुळवली. सुई, तिची नळी आणि आतला रबरी पडदा असं सगळं एका छोट्या प्लास्टिकच्या कुपीत बंद. ग्राहक बदलला की कुपी फेकायची. शाई आणि रक्त मशीनच्या आत जाऊ नये हे त्या पडद्याचं काम. स्वच्छतेसाठी आलेल्या या कुपीनं लाइनचं यंत्रशास्त्रही बदललं. जुन्या पद्धतीत सुईची दांडी मशीनला जोडलेली असे, मशीनच तिला खाली ढकले आणि वर ओढी. कार्ट्रिजमध्ये मशीन फक्त ढकलतं, सुईला मागे आणतं ते रबर. रबर ढिलं असेल तर वेग वाढवल्यावर सुई मशीनच्या मागे राहते आणि स्ट्रोक पुरा होत नाही. रबर फार ताठ असेल तर मोटरचा बराच जोर त्याला दाबण्यातच जातो. लाइन बिघडली की नवशिके मशीनला बोल लावतात, आणि पुष्कळदा दोष या पैशा-दोन पैशांच्या रबरात असतो.

आता निवडीकडे. कॉइलच्या फटक्यानं लाइनला जे दिलं, ते रोटरीत कुठे सापडतं, एवढंच खरं तर पाहायचं आहे.

पहिली जागा स्ट्रोक, म्हणजे सुई एका फेरीत वरून खालपर्यंत जे अंतर कापते ते. बाजारातल्या बहुतेक रोटरी साधारण अडीच ते सव्वाचार मिलिमीटरच्या दरम्यान असतात. रोटरीत सुईची गती वर आणि खाली शून्यावर येते आणि मधोमध सर्वाधिक असते. सेकंदाला १०० फेऱ्या धरल्या तर चार मिलिमीटर स्ट्रोकच्या मशीनमध्ये ही मधली गती सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास येते, अडीच मिलिमीटरच्या मशीनमध्ये पाऊण मीटरच्या जरा वर. फेऱ्या तितक्याच, पण लांब स्ट्रोकचा फटका खूपच जोरकस. शाई बसायची ती आतल्या त्वचेत, कातडीच्या पृष्ठभागाखाली एक ते दोन मिलिमीटरवर. दीड मिलिमीटर खोली धरून गणित मांडलं तर चार मिलिमीटरच्या मशीनची सुई प्रत्येक फेरीतला सुमारे ४२ टक्के वेळ कातडीत असते, अडीचची सुमारे ५६ टक्के. लाइन ओढताना हात थांबत नसतो. सुई आत असताना हात सरकला की सुई कातडीला ओरबाडते. म्हणून लाइनसाठी लांब स्ट्रोक, साडेतीन किंवा त्यापुढचा. सुई जोरात जाते, लवकर बाहेर येते, आणि हाताला सरकायला मोकळी जागा मिळते. हलक्या करड्या छटांसाठी आखूड स्ट्रोक बरा, कारण तिथे एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा जायचं असतं आणि फटका सौम्यच हवा असतो.

दुसरी जागा 'गिव्ह'. काही रोटरींत मोटर आणि सुई यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा तत्सम लवचीक भाग असतो, कातडीनं विरोध केला की फटका जरा माघार घेतो. शेडिंगला हे वरदान आहे, लाइनला नाही. दंडावरून कोपराकडे येताना कातडीची जाडी बदलते. मशीन जागोजागी माघार घेऊ लागलं तर रेषा एका ठिकाणी काळीभोर आणि दुसऱ्या ठिकाणी पुसट येते. लाइनसाठी डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मध्ये असा लवचीक भाग नसलेलं मशीन घ्यावं, किंवा गिव्ह पूर्ण बंद करता येईल असं. त्याबरोबर हातावरची जबाबदारीही वाढते, हे जाणून. न लवणारं मशीन चुकलेल्या खोलीलाही माफ करत नाही. सुई फार आत गेली की शाई त्वचेखालच्या चरबीत पसरते आणि रेषेभोवती निळसर धुकं येतं.

तिसरी गोष्ट मोटरचा जोर, आणि व्होल्टेजच्या आकड्यात तो दिसत नाही. आठ व्होल्टला एक मशीन सेकंदाला ९० फेऱ्या देईल, दुसरं १३०. हवेत चालवून पाहिलं तर दोन्ही सुरेख गुणगुणतात. फरक कळतो तो चौदा सुयांचा गोल गुच्छ लावून सिलिकॉनच्या सरावाच्या कातडीवर लाइन ओढल्यावर. कमजोर मोटरचा आवाज सुई टेकताक्षणी खाली उतरतो. तो उतरला की ठिपक्यांमधलं अंतर वाढलं असं समजावं. चांगल्या मशीनमध्ये मोटरची गती मोजून प्रवाह कमीजास्त करणारी यंत्रणा असते, तिथे आवाज जवळपास स्थिर राहतो. तीन सुयांच्या बारीक लाइनलाच ज्याचं सगळं काम आहे, त्यानं मात्र या जोरासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. तुरुंगातल्या कॅसेटच्या मोटरीनं ते सिद्ध केलेलं आहे.

आणि हाताचा वेग. सेकंदाला १०० फटके आणि हात सेकंदाला दोन सेंटिमीटर, म्हणजे दर ०.२ मिलिमीटरवर एक टोच. लाइनची नेहमीची एक सुई साधारण ०.३५ मिलिमीटर जाड असते, तेव्हा टोच एकमेकांवर चढतात आणि रेषा भरते. हात पाच सेंटिमीटरनं पळाला तर अंतर अर्धा मिलिमीटर होतं आणि एका सुईची रेषा सुटी सुटी होते, एडिसनच्या कारकुनाच्या पत्रात व्हायची तशीच. भरभर हात चालणाऱ्यानं जास्त फेऱ्यांचं मशीन घ्यावं, सावकाश काम करणाऱ्यानं मशीनही सावकाश ठेवावं, नाहीतर कातडी फाटते. दुसऱ्याच्या मशीनवरचे आकडे आपल्या हाताला म्हणूनच लागू पडत नाहीत.

बिनतारी मशीनबद्दल माझं मत जरा कडक आहे. एडिसनच्या कारकुनांना नकोशी झालेली बॅटरी आता मशीनच्याच मागच्या टोकात बसली आहे. वायरचं ओझं गेलं, सोय झाली. पण मागचं टोक जड झालं की लांब रेषेच्या शेवटी मनगट मागे झुकतं आणि सुईचा कोन बदलतो. विकत घेण्याआधी मशीन हातात धरून, बॅटरी लावून, वीतभर लांब सरळ रेषा एका दमात ओढून पाहावी. वजनाचा आकडा नुसता वाचून काही कळत नाही.

मराठी गिऱ्हाइकांसाठी काम करणाऱ्याला एक खास परीक्षा आहे, देवनागरी अक्षरांची. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा गोंदवून घ्यायला रोज कुणी ना कुणी येतं. तिच्यातला संस्कृत मजकूर दाटीनं बसलेला असतो. शिरोरेषा सरळ आणि एकसारखी हवी, तिच्याखाली ध, भ यांच्या गाठी, वर मात्रा आणि अनुस्वार. वर्षं जातात तशी प्रत्येक रेषा थोडी रुंदावते आणि बंद गाठी भरून येतात. मार्सेच्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवलं की टॅटूची शाई त्वचेतल्या मॅक्रोफेज पेशी गिळून धरतात, त्या पेशी मेल्या की ती मोकळी होते आणि नव्या पेशी तीच शाई पुन्हा उचलतात. रेषा कातडीत असते ती अशी, सतत हातबदल होत. म्हणून ध ची गाठ आज कितीही स्वच्छ दिसली तरी तिच्यात पोकळी मोठी ठेवावी लागते, आणि मुद्रा छोटी करून मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं लागतं. हे मशीन सांगत नाही, हे कारागिरानं सांगायचं.

मशीन पारखायला मात्र हीच अक्षरं उत्तम. सिलिकॉनवर चार इंची शिरोरेषा ओढावी आणि खालच्या ओळीत 'धर्म', 'भक्ती', 'थोर' लिहावं. मग दहापट भिंगातून पाहावं. शिरोरेषेच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसल्या तर कार्ट्रिजच्या टोकात सुई आडवी हलते आहे. आधी दुसऱ्या बनावटीची कार्ट्रिज लावून पाहावी, तरीही दाते राहिले तर मशीनच्या ढकलदांडीतच खेळ आहे, ते घेऊ नये. सुरुवातीला आणि शेवटी रेषा जाड, मध्ये बारीक असेल तर दोष हाताचा. रेषा सगळीकडे सारखीच पण फिकट असेल तर स्ट्रोक आखूड पडतो आहे किंवा रबर मागे ओढत नाही.

हल्ली कडं फिरवून स्ट्रोक बदलता येणारी मशीनंही मिळतात, एकाच मशीनवर लाइन आणि शेडिंग दोन्ही. ज्याला दिवसभर दोन्ही करायचं आहे त्याला ती सोयीची आहेत. पण बदलणाऱ्या प्रत्येक सांध्यात काही काळानं खेळ येतोच, आणि लाइनमध्ये तो सर्वांत आधी दिसतो. ज्याचं मुख्य काम लाइनच आहे, त्यानं ठरलेल्या स्ट्रोकचं, साडेतीन किंवा चार मिलिमीटरचं, डायरेक्ट ड्राइव्हचं साधं मशीन घ्यावं. वाचलेल्या पैशांत घट्ट टोकाच्या चांगल्या कार्ट्रिज आणि सरावाच्या कातडीची मोठी चळत घ्यावी.